मेलकावेरीचा अळणी प्रसाद

कीर्तनाला कॉफीचा वास सहन होईनासा झाला, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी आधी पंचांग पाहिलं आणि मग डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं. कृष्णस्वामी राव कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात जन्मले, कुंभकोणमातच पोस्टात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. सकाळच्या डिकाक्शनचा वास घरभर दरवळावा आणि सुनेनं तोंडाला पदर लावून परसात धाव घ्यावी, हे त्यांच्या मते दिवस गेल्याचं लक्षण नव्हतं, ग्रह फिरल्याचं होतं. पण ग्रहांची शांत व्हायला वेळ लागतो आणि कॉफीची वेळ रोज उजाडते. शेवटी घरातला पितळी फिल्टर शेजारच्या त्रिपुरसुंदरी मामींच्या स्वयंपाकघरात हलवला गेला. कृष्णस्वामी रोज आपला पेला घेऊन मामींच्या ओट्यावर जाऊन बसू लागले, चेहरा असा की जणू घरातून काढलंय.

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं. कॉफीपाठोपाठ फोडणी गेली. मग सासऱ्यांचं विड्याचं पान गेलं. मग मध्वेशचा दाढीचा साबण गेला. मध्वेश म्हणजे कीर्तनाचा नवरा. विमा कंपनीच्या शाखेत कामाला, स्वभावानं गरीब, भांग पाडल्याशिवाय दारातलं वर्तमानपत्रही न उचलणारा. तो दाढीचे खुंट घेऊन ऑफिसात आला तेव्हा मॅनेजरनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय राव, शबरीमलैचं व्रत धरलंत की काय?" मध्वेशनं "तसंच काहीसं" म्हणून वेळ मारून नेली. त्या दिवसापासून मॅनेजर त्याच्याशी जरा अदबीनं बोलू लागला, आणि मध्वेशला दाढी करायची चोरी झाली.

डोहाळे तरी सरळ असावेत? लोकांच्या बायकांना चिंचा लागतात, कैऱ्या लागतात. कीर्तना एका सकाळी म्हणाली, "अहो, मजला नाचियार्कोविलचा वास पाहिजे."

आता इथे या घरच्या मराठीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ही माणसं तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा इकडे आली आणि इथलीच झाली. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. ती मराठीही त्या वेळी बरोबर आणलेलीच. पुण्याचा कुणी पाहुणा आला की तो यांचं 'मजला-तुजला' ऐकून गालात हसतो, आणि घरची मंडळी त्याचं 'मला-तुला' ऐकून मनात म्हणतात, बिचाऱ्याला कुणी धड शिकवलं नाही.

तर नाचियार्कोविलचा वास. तिथे घरोघर पितळी समया ओततात. साच्याची माती, तापलेलं पितळ, धूर, असा काहीतरी वास लग्नाआधी बसच्या खिडकीतून तिच्या नाकात शिरला होता, तो आता पोटातून वर आला. मध्वेश रजा टाकून स्कूटरवरून गेला. नुसती माती कशी मागायची म्हणून एक समई घेतली आणि वर साच्याची मूठभर माती मागितली. कारागिरानं विचारलं, "माती कशाला?" मध्वेशनं खरं ते सांगितलं, "बायकोला हुंगायला." माती कागदात बांधताना कारागिरानं दोनदा वर पाहिलं. घरी आल्यावर कीर्तनानं पुडी नाकाशी नेली आणि परत दिली. "ही निवाली आहे. मजला तापलेली पाहिजे." समई अजून हॉलमध्ये उभी आहे. येणारे-जाणारे विचारतात, नवी का? मध्वेश हो म्हणतो आणि विषय बदलतो.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मग मीठ गेलं. मीठ जिभेला लागलं की जेवण बाहेर. सासूबाईंनी, म्हणजे महालक्ष्मीबाईंनी, बिनमिठाचं रांधून पाहिलं. कीर्तना दोन घास खाई आणि हात आखडता घेई. "अम्मा, तुम्ही मीठ घातलें नाहीं हें कळतें," असं म्हणून ती रडवेली होई, आणि तेही बाहेर पडे. डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. वजन वाढायच्या दिवसांत उतरलं होतं. पुढच्या तपासणीपर्यंत चढलं नाही तर दाखल करून घ्यावं लागेल, सलाईन लावावं लागेल, बाळाच्या वाढीचा प्रश्न आहे, असं त्या स्वच्छ बोलल्या. परतताना रिक्षात कीर्तनानं मध्वेशची बाही घट्ट धरून ठेवली होती. मध्वेश तिला सांगत होता की काही होत नाही. खरं सांगायचं तर तो घाबरला होता.

आता सल्ल्यांना काय तोटा! त्रिपुरसुंदरी मामी म्हणाल्या, केशर द्या. समोरचे रामलिंग म्हणाले, केशर उष्ण, त्यापेक्षा डाळिंब द्या. हे रामलिंग महसूल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. नोकरीभर त्यांनी लोकांचे अर्ज फेटाळले, आता स्वतः अर्ज करतात. गल्लीतला दिवा गेला तरी त्यांचा अर्ज जातो, त्याची एक प्रत कलेक्टरांना जाते, आणि दिवा बहुधा त्याआधीच वायरमन लावून गेलेला असतो. त्यांनी मध्वेशला सुचवलं की डॉक्टरीणबाईंच्या निदानाविरुद्ध वर दाद मागता येते. मध्वेशनं मान डोलावली. तो सगळ्यांपुढेच मान डोलावतो.

वाट दाखवली ती देवानं. म्हणजे तेव्हा तरी तसं वाटलं. शनिवारी घरची मंडळी गावाबाहेरच्या मीठ न खाणाऱ्या पेरुमाळाच्या, म्हणजे विष्णूच्या, दर्शनाला गेली. त्या देवळात नैवेद्याला मीठ पडत नाही. का पडत नाही ते कृष्णस्वामी दर वेळी गाभाऱ्याबाहेर उभे राहून सांगतात आणि दर वेळी त्यांचे डोळे पाणावतात. "मुलगी लहान होती. देवानें तिजला मागणी घातली, तेव्हां बापानें देवास सांगितलें, हिला सैंपाकांत मीठ किती घालावें हेंही कळत नाहीं. देव बोलिला, न कळो. हिच्यासाठीं मी आजपासोन मीठ सोडलें!"

महालक्ष्मीबाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "होय तर. देव होता."

या बोलण्याला पूर्वपीठिका आहे. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणापासून कृष्णस्वामी पहिला घास तोंडात घालतात आणि म्हणतात, "मीठ कमी आहे." सांबार असो, कढी असो, पोळी असो. एकदा महालक्ष्मीबाईंनी रागाच्या भरात आमटीत इतकं मीठ लोटलं की मध्वेशच्या डोळ्यांतून पाणी आलं. कृष्णस्वामींनी भुरका मारला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." तेव्हापासून बाईंनी त्यावर बोलणं सोडलं.

तर त्या शनिवारी देवळात पानाच्या द्रोणात अळणी दहीभात मिळाला. कीर्तनानं एक घास घेतला. दुसरा घेतला. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. तिनं द्रोण चाटूनपुसून खाल्ला, ढेकर दिली, आणि तो भात पोटात राहिला. मध्वेशला तिथल्या तिथे साष्टांग नमस्कार घालावासा वाटला आणि त्यानं तो घातलाही, पँट नवी होती तरी.

मग रोजचं सुरू झालं. मध्वेश पहाटे स्कूटर काढी, देवळात जाई, प्रसादाच्या खिडकीपुढे रांगेत उभा राही, द्रोण घेऊन घरी येई, तिथून ऑफिसात. रांग कधी लांब असे, खिडकी कधी उशिरा उघडे, आणि ऑफिसात तर रोजच उशीर होई. रोज एक द्रोण बाजूला काढून ठेवाल का, अशी त्यानं देवस्थानच्या कचेरीत चौकशी केली. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे समजावलं की अशी योजना नाही. आपल्या जन्मनक्षत्राला नैवेद्य करवता येतो, वर्षातून एकदा. मध्वेश म्हणाला, बायकोला रोज भूक लागते. गृहस्थांनी तिला आशीर्वाद दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. विमा कंपनीत मध्वेशही लोकांना असंच समजावतो, पण खिडकीच्या या बाजूनं ते ऐकताना त्याला फार लागलं.

आणि मग स्कूटर पंक्चर झाली. देवळाच्या अलीकडेच, भातखाचरांच्या मधोमध. ती ढकलत दुकानापर्यंत नेली, तर ऑफिसची वेळ टळून गेली आणि द्रोण नाहीच. समोरच्या दारानं रिकाम्या हातानं आत जायचं धाडस होईना, म्हणून मध्वेश मागच्या बोळानं परसात शिरला. महालक्ष्मीबाई तिथे भांडी घासत होत्या. त्यांनी पोराचा चेहरा पाहिला आणि राखेचा हात धुतला.

"थांब येथेंच," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्या केळीच्या पानाचा द्रोण घेऊन बाहेर आल्या. मऊ भात, सायीचं दही, किसलेलं आलं. मीठ नाही. मध्वेश दचकला. "अम्मा, प्रसाद म्हणोन घरचा भात? पाप लागेल!"

"देव्हाऱ्यांतल्या पेरुमाळास नैवेद्य दाखविला आहे. प्रसाद जाहला. तुजला कोण्ही विचारिलें, प्रसाद आहे काय, तर होय म्हण. कोठला म्हणोन विचारिलें, तर तूं आणि तुझा देव."

मध्वेशनं कपाळावरचं गंधाचं नाम नीट केलं, बोळ ओलांडून वळसा घातला आणि समोरच्या दारातून आत आला.  कीर्तनानं द्रोण घेतला. संपवला. बोटं चाटली. कृष्णस्वामींनी आपल्या वाट्याचा चिमूटभर भात तळहातावर घेतला, डोळ्यांना लावला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. मग स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाले, "अगो, हा भात पाहा! मीठ नाहीं तरी काय ही चव. तुजला जन्मांत जमणार नाहीं."

"खरें आहे," आतून महालक्ष्मीबाई म्हणाल्या.

एकदा जमलं की माणूस सोकावतो. दुसऱ्या दिवशी पाऊस होता म्हणून, तिसऱ्या दिवशी ऑडिट होतं म्हणून, आणि पुढे कुठलंच कारण राहिलं नाही म्हणून. मध्वेश पहाटे नाम लावून स्कूटर काढी, "गोविंदा" म्हणून किक मारी, आणि सरळ देवळाऐवजी बसस्टँडजवळच्या कॉफीच्या दुकानात जाई. घरी जी बंद होती ती कॉफी तो तिथे सावकाश पीत बसे, वर्तमानपत्र वाची, मग बोळात जाई. परसाच्या भिंतीवरून अम्माचा हात द्रोण घेऊन वर येई. तो द्रोण घेऊन मध्वेश पुढच्या दाराशी असा उतरे की बघणाऱ्याला वाटावं, हा थेट गाभाऱ्यातून आला. कॉफीचा वास जावा म्हणून तो आधी तुळशीची पानं चावी. ही अक्कल त्याला कुणी शिकवली नव्हती. गरजेपोटी सुचतं सगळं.

आपण पापी आहोत असं त्याला रोज वाटे. पण कीर्तनाच्या गालांवर थोडा रंग दिसायला लागला होता, आणि तो रंग बघितला की मध्वेश उद्यापुरतं पाप पुढे ढकली.

कृष्णस्वामींना एकदा संशय आला, पण भलताच. "घरांत कॉफी नाहीं, मग इतकें दूध कोठें जातें?"

"सुनेच्या पोटांत," महालक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मग मामींनी प्रसाद मागितला. रोज कॉफी पाजतात, नाही कसं म्हणायचं? त्यांचा गुडघा अनेक वर्षं दुखत होता. अळणी प्रसाद सुरू झाला आणि गुडघा हलका झाला. मामींनी हे देवळापर्यंत पायी जाऊन सांगितलं नाही, गुडघा तेवढाही हलका झाला नव्हता, पण गल्लीत सांगितलं. गल्लीत सांगितलेलं कुंभकोणमात सांगितल्यासारखंच. कुणाची डोकेदुखी, कुणाच्या मुलाची परीक्षा. द्रोणाचा डबा झाला, डब्याचा चार पुडांचा टिफिन झाला. भिंतीवरून आता अम्माचे दोन्ही हात वर येऊ लागले. वाटप कृष्णस्वामी स्वतः करीत, सोवळ्यानं, आणि प्रत्येकाला सांगत, "चव पाहा. घरच्या भातास अशी चव येते काय कधीं?" महालक्ष्मीबाई दाराआडून ऐकत. त्या दिवसांत त्या कामं करताना गुणगुणत असत. मध्वेशनं आईला आजवर कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

संकट आलं ते रामलिंगांच्या रूपानं. "आज मीही येतो तुझ्याबरोबर," पहाटे स्कूटरपाशी येऊन ते म्हणाले. "रोज एकटाच जातोस. मागची सीट मोकळीच असते." मध्वेशनं सवयीनं मान डोलावली. मध्वेश त्या दिवशी खरोखर देवळात गेला, रांगेत उभा राहिला, खरोखरचा प्रसाद घेतला, आणि कितीतरी दिवसांनी देवापुढे मान वर करून उभा राहिला. इकडे परसात अम्मा द्रोण घेऊन वाट बघत उभी, तिला काय ठाऊक!

कीर्तनानं खरा प्रसाद खाल्ला. सगळा नाही. "चांगला आहे," ती म्हणाली, "पण रोजचा अधिक चांगला असतो."

कृष्णस्वामींनीही चाखून मान हलवली. "छान. पण रोजचा हात वेगळा."

रामलिंगांच्या डोळ्यांत चमक आली. बदलीचा विषय निघाला की सरकारी माणसाचे डोळे असे चमकतात. "म्हणजे आचारी बदलला! चौकशी करायला हवी." सुदैवानं वाटेतल्या खड्ड्यांनी त्यांची कंबर धरली आणि ते पुन्हा स्कूटरवर बसले नाहीत.

पाचव्या महिन्यात फुलं माळायचा आणि ओटी भरायचा दिवस ठरला. मरुदानल्लूरहून कीर्तनाच्या माहेरची भजनी माणसं टाळ-पेटीसकट आली. गल्लीतल्या बायका जमल्या. मोगऱ्याच्या वेणीखाली कीर्तना सुंदर दिसत होती, पण अजून बारीकच. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे तपासणी होती. घरात कुणी ते बोलत नव्हतं आणि सगळ्यांच्या मनात तेच होतं.

महालक्ष्मीबाई पहाटेपासून चुलीपुढे. पाच प्रकारचा भात करायचा रिवाज. लिंबाचा, नारळाचा, चिंचेचा, गुळाचा आणि दह्याचा. दहीभाताची पातेली दोन, पाहुण्यांसाठी मिठाचं आणि टिफिनसाठी बिनमिठाचं. त्यातच विहीणबाई दर दोन मिनिटांनी येऊन विचारीत, "मी काय करूं?" बाईंनी घाईत पुडं भरली, भिंतीवरून दिली. मध्वेशनं वळसा घातला आणि "गोविंदा, गोविंदा" म्हणत समोरच्या दारातून आत आला. सगळे उठून उभे राहिले. कृष्णस्वामींनी टिफिन दोन्ही हातांनी घेतला. पहिला द्रोण कीर्तनाला दिला, मग प्रत्येकाच्या तळहातावर थोडा थोडा भात ठेवला. सगळ्यांनी तो डोळ्यांना लावला आणि तोंडात घातला.



"अय्यो," त्रिपुरसुंदरी मामी म्हणाल्या.

"मीठ!" रामलिंग म्हणाले.

 बायकोच्या हातच्या प्रत्येक पदार्थात ज्यांना जन्मभर मीठ कमी लागलं, त्या कृष्णस्वामींना आयुष्यात प्रथमच मीठ जास्त लागलं होतं, आणि तेही मीठ न खाणाऱ्या देवाच्या प्रसादात.  "अपचार," ते पुटपुटले. "देवाच्या सैंपाकांत मीठ! मी आत्तां जातों. पायीं जातों. प्रायश्चित्त विचारितों."

"मी म्हटलं नव्हतं? आचारी बदलला!" रामलिंग खिशातून पेन काढत होते. "असा सोडायचा नाही. अर्ज देवस्थानला, प्रत कलेक्टरांना. नोकरी जाईल त्याची!"

मध्वेश रिकाम्या टिफिनसारखा उभा होता. देवळातला तो आचारी, ज्यानं काहीही केलं नव्हतं, आत्ता कुठेतरी निवांत भात शिजवत असणार. स्वयंपाकघराच्या दारात अम्मा उभी होती आणि तिच्या हातातली पळी निश्चल होती. आता काहीतरी सांगायला हवं. आज जरा जास्त गर्दी होती, दुसरीच खिडकी होती, काहीतरी.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो. अणखी आहे काय?"

कीर्तनाचा द्रोण रिकामा होता. एवढ्या गोंधळात तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तिनं मीठ घातलेला भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला होता, आणि ती उलटी करत नव्हती, रडत नव्हती. ती टिफिनकडे बघत होती. "मजला भूक लागली आहे," ती म्हणाली. "पुष्कळ."

टिफिन रिकामा होता. कृष्णस्वामींनी सगळा वाटून टाकला होता. "प्रसाद संपला, बाळे," ते खिन्नपणे म्हणाले. "आतां उद्यां. तोही कसला मिळेल, देव जाणे."

आत हाच भात पातेलंभर होता, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार, तेही माहेरच्या माणसांपुढे, गल्लीपुढे, बापापुढे. न सांगायचं तर स्कूटर काढून गावाला फेरी मारून यायचं, तोवर ही भूक टिकते की नाही कुणास ठाऊक. किती दिवसांनी ती 'अणखी' म्हणाली होती! मध्वेशनं अम्माकडे पाहिलं. अम्मानं दारातून बाजूला होऊन वाट दिली.

तो आत गेला आणि मिठाच्या दहीभाताचं अख्खं पातेलं दोन्ही हातांनी उचलून घेऊन आला. ते त्यानं कीर्तनापुढे ठेवलं. पळीभर वाढलं. मग सगळ्यांकडे पाठ करूनच म्हणाला, "हा येथलाच आहे. रोजचाही येथलाच होता. देवळाच्या आचाऱ्यास कोण्ही कांहीं बोलूं नये."

कीर्तना जेवत होती. तिच्या जेवण्याचा आवाज तेवढा येत होता.

रामलिंगांनी पेनाला टोपण लावलं. इतका चांगला अर्ज हातचा गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. "पण मी स्वतः गेलो होतो," ते म्हणाले, "तो दिवस?"

"तो एकच दिवस," मध्वेश म्हणाला.

"म्हणजे माझा गुडघा…" मामींनी गुडघ्यावर हात ठेवला.

"दुखतोय का?" महालक्ष्मीबाईंनी तमिळमध्ये विचारलं.

मामींनी पाय लांब करून पाहिला. "नाही."

"मग बसा. पान वाढते."

राहिले कृष्णस्वामी. ते पातेल्याकडे बघत होते. "केव्हांपासोन?" त्यांनी विचारलं.

"पंक्चर जाहलें तेव्हांपासोन," महालक्ष्मीबाई म्हणाल्या. "दर दिवशीं देवास दाखवोन मगच दिला."

"म्हणजे मी जो डोळ्यांस लावीत होतों…"

"तो माझ्या हातचा."

"आणि ती चव…"

"तीही."

कृष्णस्वामींनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ओटीचा कार्यक्रम झाला, मरुदानल्लूरच्या मंडळींनी भजन म्हटलं, पंगत उठली. ते हाक मारल्यावर आले, जेवले, आणि पानावर एक अक्षर बोलले नाहीत. मीठ कमी आहे असंसुद्धा नाही. घरात इतकं चमत्कारिक वाटलं की मध्वेशला रात्रभर चैन पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कीर्तनाला काट्यावर उभं केलं, वाकून आकडा पाहिला आणि चष्मा काढून पुसला. वजन चढलं होतं. फार नाही, पण चढलं होतं. सलाईनचं नाव निघालं नाही. "काय देता हिला?" त्यांनी विचारलं. मध्वेश म्हणाला, "दहीभात." त्या म्हणाल्या, "देत राहा." रिक्षात कीर्तनानं पुन्हा त्याची बाही धरली, पण या वेळी वाटेत रिक्षा थांबवून लिंबाचं लोणचं घ्यायला. मध्वेशच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते धुळीवर ढकललं.

घरी पानं मांडलेली होती. महालक्ष्मीबाईंनी सुनेच्या पानात लोणचं वाढलं, मध्वेशला भात वाढला, मग नवऱ्याच्या पानाशी आल्या. कृष्णस्वामी खाली मान घालून बसले होते. त्यांनी भात कालवला, घास उचलला, आणि हात तोंडाकडे न जाता वर गेला. घास त्यांनी डोळ्यांना लावला. सवयीनं की जाणून, त्यांचं त्यांना ठाऊक. कीर्तना जेवायची थांबली. मध्वेशनं आपल्या पानात बघितलं.

महालक्ष्मीबाई वाढायची पळी घेऊन तशाच उभ्या होत्या. "मीठ कसें आहे?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," कृष्णस्वामी म्हणाले.

घास अजून त्यांच्या हातातच होता.